अकरा तलावांची कहाणी

न्यूयॉर्क शहर पाण्यानें वेढलेलें आहे. त्याचा मुख्य भाग मॅनहॅटन हें तर प्रत्यक्ष बेटच. एका अंगास हडसन नदी, दुसऱ्या अंगास ईस्ट रिव्हर आणि दक्षिणेस विस्तीर्ण बंदर. अशा शहरांतील मुलांना पोहावयास जागा मिळूं नये, हें ऐकून कोणासहि नवल वाटेल. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत तेथील वस्तुस्थिति बहुतांशीं अशीच होती. नद्या होत्या, पण त्यांत शहराचें सांडपाणी सोडलेलें असे. उन्हाळ्यांत गरीब वस्त्यांतील मुलें धक्क्यांवरून त्याच पाण्यांत उड्या घेत. कांहीं आजारी पडत, कांहीं प्रवाहांत सांपडून बुडत. पाणी डोळ्यांसमोर असून तें उपयोगाचें नव्हतें. ही उणीव दूर करण्यासाठीं त्या शहरानें १९३६ च्या एकाच उन्हाळ्यांत आपल्या सार्वजनिक उद्यानांतून पोहण्याचे अकरा प्रचंड तलाव उघडले. ते कसे योजले गेले, आणि पुढें त्यांचें काय झालें, हा इतिहास आजच्या कोणत्याहि शहराला बोधप्रद वाटेल असा आहे.

या प्रश्नाचें मूळ पोहण्याच्या हौसेंत नसून स्नानाच्या गरजेंत होतें. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतून आलेलीं लक्षावधि माणसें न्यूयॉर्कच्या चाळींतून दाटीवाटीनें राहत होतीं. १८९४ सालीं नेमलेल्या चाळ-समितीनें पाहणी केली, तेव्हां २,५५,०३३ माणसांपैकीं केवळ ३०६ जणांना राहत्या घरीं स्नानगृहाची सोय असल्याचें आढळून आलें. शहरानें १८७० सालापासून नदींत तरंगतीं स्नानगृहें बांधलीं होतीं. लांकडी हौदाच्या फटींतून नदीचें पाणी खेळत राही आणि लोक त्यांत आंघोळ करीत. मात्र नद्या जसजशा घाण होत गेल्या, तसतशी ही सोयहि धोक्याची ठरूं लागली. १८९५ सालीं राज्याच्या विधिमंडळानें पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांवर मोफत स्नानगृहें बांधण्याची सक्ति केली, आणि १९०१ सालीं न्यूयॉर्कच्या रिव्हिंग्टन रस्त्यावर पहिलें मोठें म्युनिसिपल स्नानगृह उघडलें. परंतु या सर्व व्यवस्थेमागील हेतु स्वच्छतेचा होता. माणसानें यावें, अंग धुवावें आणि निघून जावें. पाण्यांत खेळावें, चार घटका आनंदांत घालवाव्या, हा विचार तेव्हां नगरपित्यांच्या मनांत फारसा आला नव्हता.

तो विचार आला १९२९ च्या मंदीनंतर. त्या वर्षाच्या शेअरबाजारांतील कोसळण्यानंतर न्यूयॉर्कमध्यें बेकारीचा कहर झाला. १९३४ च्या जानेवारींत फिओरेल्लो ला गार्डिया हे महापौर झाले. तोंपर्यंत शहराच्या पांच विभागांतील उद्यानांचा कारभार निरनिराळ्या हातीं होता. ला गार्डिया यांनीं तो एकत्र केला आणि रॉबर्ट मोझेस यांच्या हातीं सोंपविला. मोझेस हे १८८८ सालीं जन्मलेले, येल, ऑक्सफर्ड व कोलंबिया या तीन विद्यापीठांतून शिकलेले, आणि विद्यार्थिदशेंत येलच्या पोहणाऱ्यांच्या संघांत असलेले गृहस्थ. १९२९ सालीं लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरील जोन्स बीच हें स्नानस्थान उघडून त्यांनीं नांव मिळविलें होतें. पण तें ठिकाण शहरापासून दूर, आणि ज्यांच्यापाशीं मोटार असे, त्यांनाच तें सोयीचें. चाळींतल्या मुलांसाठीं पाणी त्यांच्या पायवाटेवरच असावयास हवें होतें.

१९३४ च्या उन्हाळ्यांत मोझेस यांनीं शहरांत तेवीस तलाव बांधण्याची योजना जाहीर केली. तिच्या मुळाशीं असलेला युक्तिवाद सरळ होता. उन्हाळ्यांतील आरोग्य, सुख आणि शिस्त हीं पोहण्याच्या सोयीवर फार अवलंबून असतात. नद्यांचें पाणी शुद्ध होण्यास वर्षानुवर्षें लागतील. तेव्हां तोंपर्यंत वाट न पाहतां शुद्ध पाणी लोकांजवळ आणावें. प्रश्न होता तो पैशाचा. त्याचें उत्तर १९३५ सालीं मिळालें. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनें बेकारांना काम देण्यासाठीं 'वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन' हें खातें काढलें. तें पैसा देणार होतें, पण ज्याच्यापाशीं नकाशे तयार असतील त्याला. मोझेस यांनीं तोंपर्यंत सेंट्रल पार्कमधील आर्सेनल नांवाच्या जुन्या इमारतींत स्थापत्यविशारद, अभियंते व नकाशाकार यांची फौजच जमविली होती. तींतील अनेकजण स्वतः बेकारीच्या झळा सोसलेले होते. इतर शहरें अर्ज लिहीत असतां न्यूयॉर्कचे आराखडे तयार होते. म्हणून त्या खात्याच्या पहिल्या दोन वर्षांच्या पैशापैकीं सुमारें एक-सप्तमांश वांटा एकट्या या शहराच्या पदरीं पडला. तेवीसांपैकीं अकरा तलाव प्रत्यक्षांत उतरले. प्रत्येकाचा खर्च सुमारें दहा लक्ष डॉलर झाला.

या योजनेंत कांहीं गोष्टी अशा होत्या, कीं त्यांतील दूरदृष्टि आजहि नजरेंत भरते. पहिली गोष्ट जागेची. बहुतेक तलाव पूर्वींच्याच उद्यानांत बसविले गेले. जमीन शहराचीच असल्यामुळें भूसंपादनाचा खर्च वांचला. हायब्रिज येथें तर पाणीपुरवठ्याच्या एका जुन्या हौदाचीच जागा उपयोगांत आणली. दुसरी गोष्ट आकाराची. अस्टोरिया येथील तलाव ३३० फूट लांब व १६५ फूट रुंद होता. १६५ फूट म्हणजे जवळजवळ पन्नास मीटर. त्यामुळें मोठ्या शर्यती आडव्या बाजूनें घेतां येत. पोहण्याच्या मुख्य तलावाशिवाय उड्या मारण्यासाठीं एक खोल तलाव आणि अगदीं लहान मुलांसाठीं एक उथळ तलाव, अशी विभागणीहि बऱ्याच ठिकाणीं केली होती. नवशिक्यानें उडी मारणाऱ्याच्या खालीं सांपडूं नये, हा त्यामागील साधा हेतु.

तिसरी गोष्ट पाण्याची. हजारों माणसें एकाच पाण्यांत उतरणार, म्हणजे रोगराईची भीति आलीच. म्हणून पाणी गाळून, त्यांत क्लोरीन मिसळून पुन्हां तलावांत सोडणारीं यंत्रें बसविलीं. कांठाच्या पन्हळी अशा रुंद व उघड्या ठेवल्या कीं ऊन त्यांत पोंचावें आणि वरचा मळ वाहून जावा. तलावावर जाण्यापूर्वीं प्रत्येकास पाय बुडवून पुढें जावें लागे, अशी वाटच आंखलेली होती. पाण्याखालीं दिवे होते, त्यामुळें दिवसभर कामावर असलेल्या माणसालाहि रात्रीं पोहतां येत असे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. न्यूयॉर्कचा उन्हाळा तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने या अवाढव्य बांधकामाचें करावयाचें काय? मुख्य स्थापत्यविशारद एमार एम्बरी आणि त्यांचे सहकारी यांनीं हा प्रश्न नकाशावरच सोडविला. कपडे बदलण्याचीं दालनें त्यांनीं अशीं बांधलीं कीं हंगाम संपतांच आंतील सामान हलवून तेथें व्यायामशाळा आणि खेळाच्या खोल्या सुरू करतां याव्या. रिकाम्या तलावाच्या फरशीवर जाळीं बांधून चेंडूचे खेळ खेळले जात. अशा रीतीनें तो तलाव म्हणजे त्या वस्तीचें बारमाही सभागृह बनला. उन्हाळ्यांतील पाण्याला हिंवाळ्यांतील ऊब जोडून देण्याची ही कल्पना होती, आणि पुढें त्या वास्तूंना ज्यांनीं ज्यांनीं वांचविलें, त्यांनीं तिचाच आधार घेतला.

सामान मात्र साधें. सरकारी पैसा मुख्यतः मजुरीसाठीं होता. महागड्या दगडाला त्यांत वाव नव्हता. वीट आणि कांक्रीट यांवरच भागवावें लागलें. पण त्याच विटांच्या उंच कमानी, गोल बुरूज आणि भव्य प्रवेशद्वारें उभीं राहिलीं. चाळींतल्या अंधाऱ्या जिन्यानें उतरून आलेल्या मुलाला त्या कमानीखालून जातांना आपण कोणीतरी आहोंत असें वाटलें असेल, तर त्यांत आश्चर्य नाहीं.

१९३६ च्या २४ जूनला पहिला तलाव, हॅमिल्टन फिश, मॅनहॅटनच्या दाट वस्तींत उघडला. त्यानंतर जवळजवळ आठवड्यास एक याप्रमाणें तलाव उघडत गेले. २ जुलैला अस्टोरिया उघडला, आणि अवघ्या दोन दिवसांनीं अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाची निवड करणाऱ्या शर्यती तेथें झाल्या. योगायोग असा कीं त्याच महिन्यांत न्यूयॉर्कवर उष्णतेची भयंकर लाट आली. ९ जुलैला सेंट्रल पार्कमध्यें उष्णमान १०६ अंश फॅरनहाइटवर गेलें. त्या दिवशीं चार तलाव उघडलेले होते. १७ ऑगस्टला रेड हूक येथील अकरावा तलाव सुरू झाला आणि योजनेचा तो टप्पा पुरा झाला. सर्व तलावांत मिळून एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक लोक पोहूं शकत. सकाळीं लहान मुलांना प्रवेश मोफत असे. दुपारनंतर मुलांना दहा सेंट आणि मोठ्यांना वीस सेंट पडत.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु तलावाचा हिशेब केवळ विटा, पाणी व डॉलर यांनीं पुरा होत नाहीं. त्या पाण्यांत कोण उतरणार, हा दुसरा हिशेब त्यांत असतो, आणि तो कोणत्याहि नकाशावर काढलेला नसतो. जुन्या स्नानगृहांतून पुरुषांचे दिवस वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे असत. नव्या तलावांत कपडे बदलण्याचीं दालनें तेवढीं निराळीं ठेवून पाणी सर्वांना एकच केलें. हा मोठाच पालट होता. परंतु इतिहासकारांनीं दाखवून दिलें आहे कीं, अमेरिकेंत जसजसें स्त्री-पुरुषांचें एकत्र पोहणें रूढ झालें, तसतसा गोऱ्या लोकांचा काळ्या लोकांस पाण्यापासून दूर ठेवण्याचा आग्रह वाढत गेला. कित्येक शहरांत तो उघड नियमानें, तर कित्येक ठिकाणीं मारहाणीनें अंमलांत आला.

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानें अशी बंदी घालतां येत नव्हती, आणि एकाहि तलावाच्या दारावर तशी पाटी नव्हती. तथापि पाटी नसली म्हणजे भिंत नसते असें नाहीं. मॅनहॅटनच्या उत्तर भागांतील दोन तलावांचें उदाहरण घ्यावें. एक टॉमस जेफर्सन उद्यानांत, जेथें तेव्हां इटालियन वस्ती होती. दुसरा हार्लेममध्यें कलोनियल उद्यानांत, जेथें काळ्या लोकांची वस्ती होती. ज्यानें त्यानें आपापल्या वस्तींतील तलावावर जावें, असा या मांडणीचा अर्थ लोकांनीं घेतला. रॉबर्ट कॅरो यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोझेस-चरित्रांत, जेफर्सन तलावाचें पाणी मुद्दाम थंड ठेवून काळ्या लोकांना परतविण्याचा डाव होता, असा आरोप आहे. पुढील संशोधकांनीं कागदपत्रें पाहून त्या आरोपाबद्दल शंका घेतली आहे. पण पाण्याच्या उष्णमानाचा वाद बाजूस ठेवला, तरी दुसऱ्याच्या वस्तींत पाय टाकण्याची भीति खरी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्टो रिको येथून आलेलीं कुटुंबें ईस्ट हार्लेममध्यें राहूं लागलीं, तेव्हां याच जेफर्सन तलावाभोंवतीं तरुणांच्या टोळ्यांत हाणामाऱ्या झाल्या. सार्वजनिक जागा कायद्यानें सर्वांची असली, तरी ती खरोखरीच सर्वांची होण्यास कायद्यापलीकडची मेहनत लागते.

मराठी माणसास हें सत्य परकें नाहीं. हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठांत १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. पुढें महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं ठराव करून चवदार तळें सर्वांना खुलें केलें. पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केलें, आणि त्यानंतर त्या हक्कावर न्यायालयाची मोहोर उठण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. महाडचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आणि माणुसकीचा, न्यूयॉर्कचा पोहण्याच्या तलावाचा. दोहोंची तुलना एका मापानें करतां येणार नाहीं. परंतु 'खुलें' हा शब्द ठरावांत लिहिणें आणि तो पाण्याच्या कांठावर खरा करून दाखविणें यांत केवढें अंतर असतें, तें दोन्हीकडे दिसून आलें.

त्या अंतराची किंमत ब्रुकलिनमधील मॅकॅरेन तलावानें फार मोजली. ग्रीनपॉइंट व विल्यम्सबर्ग या दोन वस्त्यांच्या मध्यें असलेल्या उद्यानांतील हा तलाव ३१ जुलै १९३६ रोजीं उघडला. त्यांत एका वेळीं ६,८०० माणसें मावत. चाळीस वर्षें त्या भागांतील कामगार कुटुंबांचा उन्हाळा त्याच्याच कांठीं गेला. पुढें संपन्न कुटुंबें उपनगरांत गेलीं, शहराचें उत्पन्न घटलें, आणि १९७५ सालीं न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलें. दुरुस्त्या तुंबल्या, पहारा ढिला पडला, यंत्रें गंजलीं. १९८४ सालापासून तलाव बंदच राहिला. पैसा मिळण्याची शक्यता निर्माण झाली तेव्हां आडवें आलें तें शेजाऱ्यांचें मत. तलाव पुन्हां सुरू झाला तर बाहेरच्या वस्त्यांतून मुलें येतील, गोंगाट व गुन्हे वाढतील, असें कांहीं रहिवाशांचें म्हणणें होतें. तो पाडून लहानसा बांधावा, असेंहि कांहींजण म्हणत. दुसरे कित्येक तो जसाच्या तसा राखावा म्हणून झगडत होते. एकमत होईना, आणि त्या ओढाताणींत एक संबंध पिढी पाण्याविना मोठी झाली. कमानीखालीं गवत वाढलें, भिंतींवर रंगाच्या रेघोट्या चढल्या.

त्याचें पुनरुज्जीवन ज्या मार्गानें झालें, तोहि मोठा चमत्कारिक. २००५ सालीं एका नृत्यप्रयोगासाठीं तो कोरडा तलाव झाडून-पुसून उघडण्यांत आला. पाठोपाठ तेथें संगीताचे जलसे होऊं लागले, आणि ज्यांनीं तो कधींच भरलेला पाहिला नव्हता असे हजारों तरुण त्याच्या तळाशीं उभे राहून गाणें ऐकूं लागले. लोकांचें लक्ष पुन्हां त्या वास्तूकडे वळलें. २००७ सालीं तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षीं महापौर ब्लूमबर्ग यांनीं तिच्यासाठीं पांच कोटि डॉलरांची तरतूद जाहीर केली. २८ जून २०१२ रोजीं, अठ्ठावीस वर्षांच्या खंडानंतर, मॅकॅरेनचा तलाव पुन्हां पाण्यानें भरला. नव्या तलावाची मर्यादा १,५०० माणसांची ठेवली. उरलेल्या जागेंत व जुन्या दालनांत बारमाही व्यायाम-मंदिर आणि लोकांना एकत्र येण्याच्या खोल्या झाल्या. एम्बरी यांची जुनीच कल्पना अधिक सुखसोयींनिशीं परत आली. पहिल्या कांहीं दिवसांत मारामाऱ्या झाल्या आणि वृत्तपत्रांतून जुन्या भीतीला पुन्हां वाचा फुटली. पण या वेळीं दार बंद करण्यांत आलें नाहीं. पहारा वाढविण्यांत आला.

ही परंपरा अद्याप संपलेली नाहीं. सेंट्रल पार्कच्या उत्तर टोंकास, हार्लेमच्या लगत, १९६६ सालीं लास्कर नांवाचा तलाव बांधला होता. उन्हाळ्यांत पोहणें आणि हिंवाळ्यांत बर्फावर घसरणें, अशी त्याची दुहेरी योजना होती. परंतु ती प्रचंड इमारत उद्यानांतील एका ओढ्याच्या वाटेंतच येऊन बसली होती, आणि कालांतरानें गळूंहि लागली. ती पाडून तिच्या जागीं २०२५ च्या एप्रिलमध्यें डेव्हिस सेंटर हें नवें केंद्र उघडलें. त्याची इमारत टेकडीच्या उतारांत बसविली आहे, तिच्या छपरावर हिरवळ आहे, आणि अडविलेला ओढा पुन्हां हार्लेमच्या तळ्याकडे वाहूं लागला आहे. एकच जागा उन्हाळ्यांत तलाव, हिंवाळ्यांत बर्फाचें मैदान आणि मधल्या ऋतूंत हिरवळ होते. १९३६ च्या नकाशाकारांना हें पाहून परकेपणा वाटला नसता.

एका शहराच्या या शंभर-सव्वाशें वर्षांच्या खटाटोपांतून हातीं येणाऱ्या गोष्टी थोड्या, पण पक्क्या आहेत. पैसा येण्यापूर्वीं आराखडा तयार ठेवावा, कारण संधि वाट पाहत नाहीं. जागा लोकांच्या पायवाटेवर असावी. तलावाबरोबर वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचाहि विचार करावा. बांधण्याच्या खर्चाइतकीच राखण्याच्या खर्चाची तरतूद असावी. मॅकॅरेनचा तलाव बांधतांना कांहीं चुकलें नव्हतें, राखतांना चुकलें. आणि शेजारच्या वस्तींतील मुलगा दाराशीं आला असतां त्याला आंत घ्यावयाचें कीं नाहीं, याचें उत्तर पहिला दगड बसविण्यापूर्वींच देऊन ठेवावें. तें उत्तर न दिल्यामुळेंच मॅकॅरेनच्या कमानीखालीं अठ्ठावीस वर्षें गवत वाढत राहिलें.